सत्त्याहत्तरचं झाकण

लेन्सच्या पुढच्या कडेवर एक शून्य असतं, त्यावर तिरपी काट मारलेली असते आणि शेजारी आकडा असतो. माझ्या पहिल्या लेन्सवर तो ५८ होता. दोन वर्षं मी असं धरून चाललो होतो की हा कारखान्यातल्या तपासनिसाचा शिक्का. ५८ हा त्याचा बिल्ला नंबर, आणि काट म्हणजे ‘पाहिलं’. पुढे कळलं की ते शून्य म्हणजे व्यास आणि ५८ म्हणजे मिलिमीटर. लेन्सच्या तोंडाला आतून आटे असतात, त्यांत फिल्टर फिरवून बसवायचा तर तो या मापाचा हवा. शाळेत व्यास आणि त्रिज्या यांत गोंधळ घातल्याबद्दल मी छड्या खाल्ल्या आहेत. व्यासापायी खिसा रिकामा होण्याची वेळ मात्र पन्नाशीत आली.

आमच्या घरात ‘फिल्टर’ हा शब्द आधीच राखीव होता. ओट्याशेजारी भिंतीला पाण्याचा टांगलेला आहे, तो फिल्टर. त्यामुळे कुरियरवाला दारातून “फिल्टर आलाय!” म्हणाला तेव्हा हिने त्याला चपला काढून आत यायला सांगितलं आणि मागच्या वेळी कँडल नीट बसवली नव्हती, पाणी गळतं, अशी तक्रारही ऐकवली. तो बिचारा सही घ्यायला आलेला. खोकं उघडल्यावर आतून निघाली तळहातावर मावेल एवढी काळी काचेची चकती. हिने ती खिडकीपाशी धरून पाहिली.

“यातून काय गाळायचं?”

“उजेड,” मी म्हणालो.

ही काही बोलली नाही. आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली आहेत.

पण सुरुवात त्या काळ्या काचेपासून झाली नव्हती. ती बिनरंगी काचेपासून होते. कॅमेरा घेतला की दुकानदार पावती फाडता फाडता विचारतो, “यूव्ही टाकू ना?” ‘साखर टाकू ना’ म्हणतात त्याच सुरात. फिल्मच्या जमान्यात त्याला अर्थ होता. फिल्मला अतिनील किरण जाणवायचे आणि उंचावरून घेतलेले लांबचे डोंगर निळसर, धुरकट उमटायचे. डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरवरच ते किरण अडवणारी काच कारखान्यात बसवून येते. हे मी कुठेतरी वाचून दुकानदाराला ऐकवलं तर तो म्हणाला, “साहेब, लेन्सचं हेल्मेट समजा.” मी पुणेकर. स्वतःच्या डोक्यावर हेल्मेट घालायला सांगितलं की आम्ही मोर्चे काढतो. लेन्सला मात्र मी ते निमूट घातलं, आणि पुढे जी जी लेन्स घेतली तिला घालत गेलो. समुद्रकाठी खारे तुषार आणि उडती वाळू असते तेव्हा ते उपयोगी पडतं, हे कबूल. त्या हेल्मेटने पुढे काय केलं ते शेवटी सांगतो.

दुसरा फिल्टर पोलरायझर, आणि त्याच्याविरुद्ध मी एक शब्द ऐकून घेणार नाही. सप्टेंबरात कासच्या पठारावर नुकताच पाऊस पडून गेलेला असतो, पान न् पान ओलं असतं, आणि फोटोत फुलांपेक्षा पानांवरची पांढरी चमकच जास्त येते. पोलरायझरचं पुढचं कडं बोटाने हळूहळू फिरवायचं. एका ठिकाणी ती चमक अशी उतरते की हिरवा रंग खालून वर आल्यासारखा वाटतो. डबक्याच्या पाण्यावर रोखलं तर तळाचे दगड दिसतात. पाण्यावरून किंवा पानावरून तिरकस परावर्तित होणारा उजेड बराचसा एकाच दिशेने थरथरत येतो, आणि ही काच नेमका तेवढा अडवते. धातूवर ही जादू चालत नाही. आमच्या स्टीलच्या पिंपावर मी करून पाहिली आहे. निळं आकाशही गडद होतं, पण सूर्याला काटकोनात असलेला भागच जास्त. वाइड लेन्सवर एवढं मोठं आकाश मावतं की त्यात एकीकडे दुपार आणि दुसरीकडे तिन्हीसांज दिसते. बाकीचे बहुतेक फिल्टर कॉम्प्युटरवर नंतर थोडेफार नकली करता येतात. हा येत नाही, कारण जो तळ दिसलाच नाही तो कॉम्प्युटर कुठून आणणार?

फक्त एकदा त्याने मला तोंडघशी पाडलं. धबधब्याच्या तुषारांत इंद्रधनुष्य उमटलं होतं आणि सगळा ग्रुप “ते बघा, ते बघा” करत होता. मी डोळा कॅमेऱ्याला लावून शोधतोय, तर दिसेना. बाजूचे एक गृहस्थ माझा खांदा धरून कॅमेरा नेमका तिकडे वळवत होते, तरी दिसेना. इंद्रधनुष्याचा उजेडही त्या पानांवरच्या चमकेसारखाच एका दिशेचा असतो. पोलरायझर एका बाजूला फिरवला की रंग खुलतात, दुसऱ्या बाजूला फिरवला की कमान पुसली जाते. मी कष्टाने, मन लावून, ती पुसत होतो.

एव्हाना माझ्याकडे तीन लेन्स झाल्या होत्या. कॅमेऱ्याबरोबर आलेली ५८ ची, पन्नासची पिटुकली ४९ ची, आणि डोंगरांसाठी हौसेने घेतलेली वाइड ६७ ची. पोलरायझर ५८ चा. म्हणजे जिने मी निसर्ग टिपू लागलो तिला तो बसेना, आणि जिला बसायचा तिने मी आता फक्त सत्यनारायण टिपायचो. प्रत्येक मापाचा वेगळा घ्यायचा तर पोलरायझर स्वस्त नसतो. मी कागदावर बेरजा मांडून बसलो होतो. ही रविवारी फडताळ लावत होती. तिच्यापुढे स्टीलचे डबे होते आणि झाकणांची वेगळी चळत होती.

“अहो, एवढा काय हिशोब चाललाय?”

मी सांगितलं. तिने हातातलं सगळ्यात मोठं झाकण उचलून एका डब्यावर ठेवलं, मग त्याहून छोट्यावर, मग त्याहून छोट्यावर.

“मोठं एकच घ्यायचं. बाकीच्यांवर नुसतं ठेवायचं.”

फोटोग्राफीच्या जगात याला स्टेप-अप रिंग म्हणतात. सगळ्यात मोठ्या लेन्सच्या मापाचा एकच फिल्टर घ्यायचा आणि बाकीच्या लेन्सना मधे एकेक धातूचं कडं लावून तो बसवायचा. उलटं करता येत नाही. छोटं झाकण मोठ्या डब्यात पडतं, आणि छोटा फिल्टर मोठ्या लेन्सवर लावला की फोटोचे चारही कोपरे काळे होतात. हे शोधायला मला दोन रात्री लागल्या होत्या. हिला एक झाकण लागलं. मग तिने पुढचा प्रश्न विचारला, जो कुठल्याही पुस्तकात पहिल्या पानावर हवा: “पुढेमागे सगळ्यात मोठा डबा कुठला घेणार आहात?” मी ७७ म्हणालो. म्हणजे मी तोपर्यंत न घेतलेली एक लेन्स बोलता बोलता मंजूर झाली. संसारात अशा जागा क्वचित येतात.

आता ती काळी चकती. तिचं नाव एनडी. न्यूट्रल डेन्सिटी, म्हणजे रंगाला हात न लावता नुसता उजेड कमी करणारी. उजेड कमी झाला की शटर जास्त वेळ उघडं ठेवता येतं, आणि मग धबधब्याचं पाणी दुधासारखं येतं. इथवर सोपं आहे. पण या काचेचा काळेपणा मोजायच्या तीन पद्धती आहेत आणि तिन्ही एकाच वेळी चालू आहेत. उजेड एकदा निम्मा झाला की एक स्टॉप. तीनदा निम्मा केला, म्हणजे आठवा हिस्सा राहिला, की काही कंपन्या त्याला ‘एनडी ८’ म्हणतात, काही ‘०.९’ म्हणतात आणि माणसं आपली ‘तीन स्टॉप’ म्हणतात. वस्तू एकच. एकाच माणसाला कुणी काका म्हणावं, कुणी मेहुणा म्हणावं, आणि लग्नपत्रिकेवर तिसरंच नाव छापावं, तसं.

मला धबधब्यासाठी तीन स्टॉपचा हवा होता. पावसाळ्यात दरीत मुळातच उजेड कमी असतो. छिद्र बारीक केलं की शटर १/१५ वर येतंच, आणि तीन स्टॉपने ते अर्ध्या सेकंदावर जातं. पाण्याला तेवढं पुरतं. मी फोन करून सांगितलं, “७७ चा एनडी पाठवा, तीनचा.” दुकानदाराच्या भाषेत ३.० म्हणजे दहा स्टॉप. उजेडाचा १,०२४ वा भाग. आमच्याकडे आलेली ती काळी काच हीच. परत करायला फोन केला तर दुकानदार म्हणाला, “साहेब, तुम्ही तीनचाच म्हणालात.” म्हणालो होतो.

घेतलाच आहे तर वापरू, म्हणून तो गुहागरला नेला. आपल्या किनाऱ्याची सोय अशी की सूर्य समुद्रातच मावळतो, त्याला शोधायला कुठे जावं लागत नाही. दहा स्टॉपच्या काचेतून डोळ्याला काही म्हणजे काही दिसत नाही. म्हणून आधी चौकट पक्की करायची, फोकस करायचा, फोकस मॅन्युअलवर टाकायचा आणि मग काच लावायची. साध्या शटरला १/३० लागत असेल तर आता ३४ सेकंद लागतात. त्या ३४ सेकंदांत फोटोग्राफरला काडीचं काम नसतं. तिन्ही पायांवर उभ्या कॅमेऱ्याशेजारी घड्याळ बघत उभं राहायचं.

एक आजोबा काठी टेकत आले. बराच वेळ ट्रायपॉडकडे पाहून म्हणाले, “मोजणी काय? रस्ता आमच्या कलमांतून जातोय काय?”

मी म्हणालो, मोजणी नाही, फोटो. त्यांनी वाकून कॅमेऱ्याला डोळा लावला.

“काळोख आहे नुसता.”

“दिसत नाही आजोबा, पण फोटो येतो.”

“मग मोजणीच असणार,” म्हणाले आणि बंदराच्या दिशेने निघून गेले.

फोटोत गंमत झाली. समुद्राच्या लाटा जाऊन धुकं पसरलं, ते अपेक्षितच होतं. पाण्याकडे धावणारी दहाबारा पोरं, क्रिकेटचा एक अख्खा सामना आणि दोन कुत्री यांतलं काहीच उमटलं नाही, कारण जे हलतं ते इतक्या वेळात पुसलं जातं. भेळेची गाडी स्पष्ट उमटली. आणि तिच्या शेजारी पाच माणसांचं एक कुटुंब अर्धवट उमटलं. ती मंडळी माझ्या ३४ पैकी पंधराएक सेकंद मोबाइलसमोर हसत उभी होती, मग निघून गेली. त्यांच्या अंगांतून मागचं क्षितिज दिसतंय. हिने तो फोटो पाहून सांगितलं, देवघर असलेल्या भिंतीवर हा लावायचा नाही.

आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये मी हा फोटो दाखवला तेव्हा ज्येष्ठांनी चष्मा वर केला. “आकाश जळलंय,” ते म्हणाले. सूर्याभोवतीचा भाग पांढराफटक झाला होता. “गोल फिल्टर वापरलात ना? तरीच.” त्या दिवशी मला कळलं की मी नकळत एका पंथात जन्म घेतला होता. गोल पंथ आणि चौकोनी पंथ. चौकोनी पंथात लेन्सच्या तोंडावर एक होल्डर बसवतात आणि त्याच्या खाचांत काचेच्या पाट्या सरकवतात. वास्तविक यात शहाणपणाचं बरंच काही आहे. समुद्र काळा आणि आकाश लखलखीत, दोन्ही एका फोटोत आणायची अडचण कॅमेऱ्याइतकीच जुनी आहे. १८५० च्या दशकात फ्रान्समध्ये गुस्ताव ल ग्रे समुद्र एका निगेटिव्हवर घ्यायचा, आकाश दुसऱ्यावर, आणि दोन्ही एका कागदावर छापायचा. चौकोनी पाटी हेच काम एका फोटोत करते. वरचा अर्धा भाग काळा, खाली आरपार. ती खाचेत वरखाली सरकवून काळ्याची कड क्षितिजावर आणायची. गोल फिल्टरात ती कड कायम मधोमध, म्हणजे क्षितिजही कायम मधोमध.

ही पद्धत लोकप्रिय केली झाँ कोकॅं या फ्रेंच छायाचित्रकाराने, १९७८ मध्ये, आणि त्याच्या नावावरूनच कंपनीचं नाव पडलं कोकिन. हे नाव फोनवर मोठ्याने उच्चारू नये. “कोकिन मागवतोय, सेकंडहँड मिळेल का बघ,” असं मी गॅलरीत उभा राहून बोललो, त्यानंतर समोरच्या बिल्डिंगमधल्या एका बाईंनी हिला मंदिरात गाठून आस्थेने चौकशी केली.

मी चौकोनी झालो. १०० मिलिमीटरचा होल्डर, ७७ चं कडं, आणि १०० बाय १५० ची पाटी. पाट्यांतही जाती. हार्ड म्हणजे काळं आणि पांढरं झटकन बदलतं, सपाट क्षितिजासाठी. सॉफ्ट म्हणजे हळूहळू, डोंगरांसाठी. रिव्हर्स म्हणजे मधे सगळ्यात काळं, मावळत्या सूर्यासाठी. ज्येष्ठ म्हणाले, समुद्र म्हटला की हार्ड. पण कोकणात नुसतं क्षितिज कुठे असतं? मधे माड असतो. माझ्या फोटोतले सगळे माड कमरेपर्यंत हिरवे आहेत आणि वर ग्रहण लागल्यासारखे काळे. सॉफ्ट घ्या, असं मला नंतर सांगण्यात आलं. होल्डर, कडी, तीन पाट्या, पुसायचं फडकं आणि ते सगळं ठेवायची पिशवी मिळून जो आकडा झाला तो कॅमेऱ्याच्या किमतीच्या पुढे गेला. तो मी इथे छापत नाही, कारण हा अंक घरी येतो.

तिसरा पंथ लोहचुंबकाचा. त्यांचे फिल्टर फिरवावे लागत नाहीत, टक् करून चिकटतात. आमच्यातल्या एकाने ते घेतले आणि हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या टोकाशी दाखवायला म्हणून लावले. मान वळवताना बॅगेचा पट्टा लागला. कड्यावरून टाकलेली हलकी वस्तू खालच्या वाऱ्याने परत वर येते असं म्हणतात. फिल्टर आला नाही. आम्ही बराच वेळ वाट पाहिली.

अशा वेळी अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सची आठवण काढायची रीत आहे, म्हणून काढतो. १९२७ मध्ये तो योसेमिटीतला हाफ डोम टिपायला कडा चढून गेला तेव्हा जवळ दोनच काचेच्या प्लेटा उरल्या होत्या. पहिली त्याने पिवळा फिल्टर लावून घेतली. मग वाटलं की आकाश मनात आहे तसं काळं येणार नाही, म्हणून गडद लाल फिल्टर लावून दुसरी घेतली. तीच जगप्रसिद्ध झाली. माझ्या कार्डात दोन हजार फोटो मावतात आणि पिशवीत अ‍ॅडम्सकडे होत्या त्याहून जास्त काचा आहेत. मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “बाबा, मोबाइल हे सगळं आपोआप करतो.” आणि गुहागरचा तोच समुद्र, आकाश न जळता, माड हिरवे, तिने दाखवलाही. मी विषय बदलला.

आता हेल्मेट. गेल्या पावसाळ्यात वाइड लेन्सवर यूव्ही होता. तो काढायचा आळस केला आणि त्यावरच ६७ ची ७७ करणारी रिंग चढवली, रिंगवर ७७ चा पोलरायझर. रिंग स्वस्तातली, अ‍ॅल्युमिनियमची. पितळी इतक्या अडकत नाहीत म्हणतात, ते मला नंतर कळलं. घरी आलो तर तिन्ही एकजीव झालेले. पोलरायझरचं पुढचं कडं मुळात फिरायलाच केलेलं असतं, त्यामुळे मी फिरवतोय आणि ते आनंदाने फिरतंय. पकडायला मागे नखभर जाडीची एकच चकती. ती जितकी घट्ट दाबावी तितकी अंडाकृती होते आणि आटे अजून आवळतात, म्हणून हलक्या हाताने धरा, असं जाणकार सांगतात. मी हलक्या हाताने धरलं. मग कोथिंबिरीच्या जुडीचं रबर गुंडाळून धरलं. मग भांडी घासायचे रबरी मोजे घालून धरलं. मग लेन्स पिशवीत बांधून थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवली, तिथे हिला ती कोथिंबिरीशेजारी सापडली. शेवटी एक खात्रीचा उपाय म्हणून लेन्स रबरी चपलेच्या तळव्यावर उपडी दाबून फिरवत होतो, तेवढ्यात पाण्याच्या फिल्टरवाला खरोखरच आला. त्याने पाहिलं, चपला काढल्या आणि काही न बोलता ओट्याकडे गेला. मी त्याचा पान्हा मागितला. त्याने दिला नाही.

तेव्हापासून ती लेन्स अशीच आहे. तोंडावर तीन थर असल्याने फोटोचे कोपरे काळे येतात, हूड बसत नाही, आणि पोलरायझर कायमचा असल्यामुळे घरातसुद्धा दीड स्टॉप उजेड कमी पडतो. हिने तेवढ्यात ७७ चा अंदाज घेऊन त्यावर घरातलं एक झाकण बसवलं आहे, चिवड्याच्या बरणीचं. अगदी घट्ट बसतं.

तेव्हा वाचकांपैकी पुण्यात कुणाकडे ७७ चा फिल्टर रेंच असेल, ते चिमट्यासारखं प्लॅस्टिकचं कडं, तर एका रविवारपुरता द्यावा. रबर, मोजे, फ्रिज आणि चप्पल हे उपाय कृपया कळवू नयेत. बदल्यात दहा स्टॉपची एक काळी काच, जवळजवळ न वापरलेली, ठेवून घेतली तरी चालेल. भाच्याची मुंज येत्या बारा तारखेला आहे आणि कार्यालयात उजेड कमी आहे.